मेन टाकतोय

नाही हो, या बाई झोपवत वगैरे नाहीत. मलाही तेच वाटलं होतं — काहीतरी लटकवतील डोळ्यांपुढे, मिटा म्हणतील, आणि मग आपण काहीबाही बरळत सुटणार. तसलं काही नाही. डोळे उघडेच. बाई समोर बसतात, म्हणजे अगदी समोर नाही, जरा बाजूला, खुर्चीला खुर्ची तिरकी लावून, आणि दोन बोटं अशी — ही बघा, एवढ्या अंतरावर — डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आपण मान हलवायची नाही, नुसते डोळे न्यायचे बोटांमागे. मनात ती गोष्ट धरून. पंचवीस-तीस फेऱ्या. मग थांबतात, म्हणतात, श्वास घ्या, काय आलं? जे आलं ते सांगायचं. काही नाही आलं तर काही नाही म्हणायचं, त्या रागवत नाहीत. बसा ना ताई, अशा टोकावर का बसलात, अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. आत माझी बायको आहे. माझं संपलं — माझे नऊ गुरुवार झाले, आता तिचे चाललेत. मी नुसता आणतो आणि नेतो.

हो, दोघांनाही. एकाच गोष्टीपायी. — सांगतो की, न सांगायला काय झालं. मी लिफ्टवाला. दुरुस्तीचं काम, एकोणीस वर्षं केलं. जोडीला बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणायचे — सहा फूट उंच, आमच्या दारातून वाकून आत यायचा, आणि नाव बारक्या. या कामात मीच आणला त्याला. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या नजरेखाली राहील. राहिला. चौदा वर्षं राहिला. एक नट तीन-तीनदा तपासायचा. चौथ्यांदा पाना लावला की मी वरून ओरडायचो, अरे लग्न लावायचंय का त्याचं? तर म्हणायचा, दाजी, वर तुम्ही असता, खाली मी असतो. — हसत म्हणायचा हं. मनात काही नसायचं त्याच्या.

झालं काय — आता बघा, लिफ्टची मशीन असते गच्चीवरच्या खोलीत. तिथंच मेन स्विच, लाल दांड्याचा. मी तिथं. तो खाली केबिनच्या टपावर, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये. टपावर एक बटण असतं, ते दाबून ठेवलं की मग कुणी काही करो, केबिन हलत नाही. त्या इमारतीत नेमकं तेच बिघडलेलं, तेच बदलायला तो उभा होता. म्हणजे सगळी मदार वरच्या मेनवर. नियम साधा आहे — काम झालं की दोर खाली जातात त्या भोकातून वरच्यानं ओरडायचं, 'मेन टाकतोय', म्हणजे चालू करतोय. खालच्यानं म्हणायचं, 'टाका'. मग टाकायचा. तो टाका म्हणाला, मी टाकला. सातव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबून ठेवलेलं, केबिन निघाली वर. अडीच फूट गेली. अडीचच. मग मीच मेन पाडला, बंद केला. तो वाकलेला होता, डोकं बाहेर होतं — जाऊ द्या. तुम्ही इथं कशासाठी आलाय मला ठाऊक नाही, वर माझं कशाला ऐकताय.

रडलो? नाही. तीच तर मेख आहे. घरात माणसं जमली, सासूबाई जमिनीवर बसलेल्या, बायकोला दोघी जणी धरून होत्या, आणि मी काय करत होतो? बेसिनचा नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलत होतो. चौथ्या दिवशी कामावर. त्या आठवड्यात अकरा लिफ्टी केल्या मी, अकरा, एकट्यानं जेवढ्या कधी होत नाहीत तेवढ्या. लोक म्हणायचे, खंबीर माणूस. खंबीर कसला, बधिर. दात काढायच्या आधी सुई देतात ना, ओठ आपला असतो पण आपला नसतो, तसं सगळं अंग. चहा गरम की गार, कळायचं नाही. बायको विचारायची, मीठ बरोबर आहे का, मी म्हणायचो आहे. एकदा म्हणाली, आज मी घातलंच नव्हतं. मग तिनं विचारणं सोडलं. असं दीड वर्ष.

मग एका इमारतीत — नऊ मजली, साधं काम होतं, ब्रेक घट्ट करायचा आणि चालू करून द्यायचं — काम झालं, मेनशी गेलो आणि हात वर जाईना. भीती नाही, घाम नाही, छातीत धडधड नाही. नुसता जाईना. जणू कुणी दुसऱ्याचा हात शिवलाय खांद्याला. सव्वादोन तास उभा होतो मी तिथं. खालची माणसं वर आली, आधी भांडायला आली, मग कुणीतरी खुर्ची आणून दिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हात ठणठणीत आहे, दुखणं मनाचं आहे, तुम्ही या बाईंकडे जा.

पहिले दोन गुरुवार तर बोटं हलवलीच नाहीत त्यांनी. नुसतं बोलणं. एखादी निवांत जागा आठवा म्हणाल्या, जिथं बरं वाटतं. मला आठवेना. शेवटी आमच्या वर्कशॉपच्या मागचा ओटा सांगितला, दुपारी सावली असते तिथं. मग म्हणाल्या, त्या दिवसाचं सगळ्यात वाईट चित्र धरा, आणि सांगा त्रास किती होतो, शून्य ते दहा. आता काय सांगणार? मला काहीच होत नव्हतं. शून्य म्हणालो तर म्हणतील मग आलात कशाला, म्हणून म्हणालो सात. सात बरा वाटला, फार नाही, कमी नाही. पुढच्या वेळी सहा म्हणालो, मग पाच. बाईंना बरं वाटावं म्हणून. कामाचा अहवाल भरतो तसं चाललं होतं माझं — तेल घातलं, तपासलं, ठीक.

पण घोडं अडलं ते वाक्यापाशी. एक वाक्य ठरवतात, जे आपल्याला स्वतःबद्दल खरं वाटायला हवं. आमचं ठरलं होतं, 'मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं'. फेऱ्या झाल्या की विचारायच्या, आता किती खरं वाटतं? आणि ते काही वर सरकेना. बाईंना वाटायचं, मागे राहिलेल्याला लागते तशी टोचणी. तसं होतं खूप जणांना म्हणे, चूक नसताना. मी मान हलवायचो. सहाव्या गुरुवारी बोटं चालू होती, डावीकडे, उजवीकडे, आणि मला एकदम पाय गार पडल्यासारखे झाले. मी सांगितलं, पाय गार. त्या म्हणाल्या, राहू द्या तसंच, पुढे चला. परत फेऱ्या. मग ती मशीनची खोली, ग्रीसचा वास — दीड वर्षात मला कसला वास आला नव्हता, ताई. परत फेऱ्या. मग भोकातून आवाज. त्या म्हणाल्या, काय आलं? मी म्हणालो —

नाही, थांबा. आता निघालंच आहे तर निघालं. मघाशी मी तुम्हाला सांगितलं ना, तो टाका म्हणाला. सवय झालीय तसंच सांगायची. चौकशीच्या साहेबांना तसंच सांगितलं होतं, घरी तसंच. तो टाका म्हणाला नाही. तो म्हणाला, 'दाजी, थांबा.' स्वच्छ म्हणाला. मी विसरलो होतो असं नाही हं, बाईंनी कुठून खणून काढलं असं नाही. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त — वाजत नव्हतं ते. कुलूप लावलेल्या खोलीत रेडिओ चालू असावा तसं. आणि थांबा ऐकून मी टाकला असंही नाही. ऐकू आलं तेव्हा दांडा वर गेलेला होता. कारण मी वाट बघायचोच नाही. एकोणीस वर्षांत कधी बघितली नाही. 'मेन टाकतोय' म्हणता म्हणता हात चाललेला असायचा, टाका यायचंच मागून, रोज यायचं. हजारदा आलं. त्या दिवशी दुसरं आलं.

बाईंची बोटं मध्येच थांबली नाहीत, फेरी पुरी केली त्यांनी. मग म्हणाल्या, आता त्रास किती? मी म्हणालो नऊ. तो पहिला खरा आकडा. रडलो नाही तेव्हाही, पण दात वाजत होते माझे, त्यांनी शाल दिली. आणि मग ते वाक्य आम्ही खोडलं. खोटंच होतं, वर कसं सरकणार? नवीन ठरवलं — 'जे झालं ते मी सांगू शकतो'. ते तीन गुरुवारांत खरं वाटायला लागलं. आता ते चित्र आठवलं तर दिसतं, पण लांब, रस्त्याच्या पलीकडे असल्यासारखं. बाई म्हणाल्या, कुणाला सांगायचं, कधी, हे तुम्ही ठरवा, घाई करू नका. मी केली. घाईच करत आलोय.

आधी बायकोला. स्वयंपाकघरात, ती भांडी विसळत होती. सांगितलं. तिनं नळ बंद केला, म्हणाली, परत सांगा. परत सांगितलं. मग तिनं नळ परत चालू केला आणि उरलेली भांडी विसळली, पुसून फळीवर लावली, एकेक. दुसऱ्या दिवशी आईकडे निघून गेली. मी ऑफिसात जाऊन जबाब बदलून दिला, लेखी. आता मला मशीनवर पाठवत नाहीत, गोदामात बसतो, पार्ट काढून देतो. ते ठीकच आहे. ते काही नाही.

सासूबाईंचं सांगू? — दोन वर्षं, कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, उतावळाच होता हो आमचा, लहानपणापासून, काम पुरं व्हायच्या आत टाका म्हणाला असेल. मी समोर बसलेला असायचो. उतावळा! एक नट तीनदा बघणारा माणूस. मला म्हणायच्या, जावईबापू, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, माझ्याच पोराची चूक. आणि मी चहा प्यायचो. बायकोनं त्यांना सांगितलं तेव्हा म्हणे एवढंच बोलल्या — मी दोन वर्षं माझ्या लेकराला नावं ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं. शेजारणीकडे गेल्या, मग पलीकडच्या दुकानदाराकडे, जिथं जिथं तसं म्हणाल्या होत्या तिथं तिथं जाऊन सांगून आल्या, माझा मुलगा थांबा म्हणाला होता. पायी. गुडघे दुखतात त्यांचे.

बायको दोन महिन्यांनी परत आली. का आली, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. झोप उडालेली, हातातून वस्तू पडायच्या. मीच म्हटलं, तू जा बाईंकडे. तुम्हाला वाटेल तिला भाऊ दिसत असेल डोळ्यांपुढे. मलाही वाटलं होतं. नाही. तो तिला दिसतो तो हसतानाच दिसतो. सगळ्यात वाईट चित्र धरा म्हणतात ना — तिचं चित्र मी आहे. नळाशी उभा राहून सांगणारा मी. हे तिनं मला एकदाच सांगितलं, गाडीत, मागच्या सीटवर बसून. मागेच बसते ती. म्हणाली, तुमचं तोंड हलताना दिसतं. आणि वर म्हणाली, त्या गोष्टीबद्दल तुम्ही परत बोलायचं नाही. कुणाशीच. मी हो म्हणालो.

काही वाटतं का? वाटतं की. थोडं वाटतं. मीठ कळतं आता. ती आत असते तेव्हा इथं बसून मी वाट बघतो, पाऊण तास, भिंतीकडे बघत, आणि वाट बघता येते मला. तेवढं —

उठा. दार वाजलं. तुमचाच नंबर आहे, जा तुम्ही. नाही, माझ्याकडे बघू नका, ती बघतेय. आपण काही बोललो नाही.