चर्चची किल्ली कुणाकडे?

(डोळ्यांपुढे आणा पाहू, मुलांनो : स्पेनमधलं, बुर्गोसच्या बाजूचं एक खेडं. जुनं दगडी चर्च, घंटेच्या मनोऱ्यावर करकोच्यांचं घरटं, वळचणीखाली ओळीने कोरलेली चित्रविचित्र माणसं. खाली उभ्या आहेत चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या रेस्तितूता आजी आणि शेजारची शाळकरी ओब्दूलिया. आजी त्या कोरीव माणसांवरून तिची परीक्षा घेताहेत.)

आजी : चूक! पिंप घेतलेला तो माणूस कोण?

ओब्दूलिया : फर्मीनमामा.

आजी : अगं, फर्मीनचा बार कालपरवाचा. हा आठशे वर्षं पितोय!

ओब्दूलिया : मग दारुड्या. पिऊ नका, असं सांगणारा.

आजी : हां. हे बघ, उद्या मी गुडघ्याच्या ऑपरेशनला चालले. पाहुण्यांना नीट सांगता आलं तर किल्ली तुझ्याकडे. नाहीतर फर्मीनच्या बारमध्ये टांगेन.

ओब्दूलिया : तिथे नको, आजी! तो आधी बटाट्याचं ऑम्लेट खायला लावेल, मग किल्ली देईल.

आजी : मग बोल. दोन शेपट्यांची जलपरी?

ओब्दूलिया : मोह. पण दोन शेपट्यांनी ती पोहते कशी?

आजी : मोहाला पोहावं लागत नाही, माणसंच बुडी मारतात. आतली प्रार्थनेची वेदी पूर्वेला का?

ओब्दूलिया : सकाळचा पहिला उजेड तिच्यावर पडावा म्हणून.

आजी : शाबास! आणि तो, पाय डोक्यावर घेतलेला?

ओब्दूलिया : रविवारी तुम्ही डोंबारी म्हणालात. त्याआधी पापी. माद्रिदच्या बाईंना तर पाठदुखीचा संत म्हणालात.

आजी : तिची पाठ दुखत होती ना! इतक्या वर्षांत 'माहीत नाही' म्हणून कुणाला परत पाठवलं नाही मी.

पाहुणा : नमस्कार! चर्च बघता येईल?

आजी : हिला विचारा. मी आज मुकी आहे.

पाहुणा : बरं. बाळ, तो पाय डोक्यावर घेतलेला कोण गं?

ओब्दूलिया : तो... तो ना...

आजी : बोल की!

पाहुणा : मुक्या ना तुम्ही?

ओब्दूलिया : माहीत नाही, काका.

आजी : अरे देवा! गेली किल्ली बारमध्ये.

ओब्दूलिया : कुणालाच माहीत नाही. पण इथून नीट नाही दिसायचा. असे भिंतीला टेका, मान वर करा. हसतोय की रडतोय, तुम्हीच सांगा.

पाहुणा : हसतोय... नाही, थांब. रडतोय. छे! अहो आजी, तुम्हाला काय वाटतं?

आजी : सरका जरा. मी कधी असं टेकून बघितलंच नाही.

पाहुणा : काय दिसलं?

आजी : माहीत नाही! ओब्दूलिया, धर ही किल्ली. दोन्ही हातांनी, जड आहे. कुलपात उलटी फिरते.

ओब्दूलिया : उघडलं! या, काका. पायरी सांभाळा, मधोमध झिजलीय.