चिंधू फौजीची संगीन

(कोंढ्यातलं घर, दुपार. छपरीत खाटेवर म्यानातून काढलेली जुनी संगीन.)

हेमराज: वैनी, तीनदा चष्मा पुसून पाह्यलं. हा मुकुट नाई. तीन सिंह हायेत.

कलाबाई: सिंह असन तं सिंह लिवा. धर्मेंद्र पंचायतच्या लोकाइले घेऊन येऊनच राहिला.

हेमराज: तसं नाई चालत. पंचवीस वर्षं फौजेच्या हत्यारखान्यात हेच काम केलं मी. पात्याच्या बुडाशी ठप्पा रायते. इंग्रजाच्या टैमची असन तं मुकुट. सिंह आले गोरे गेल्यावर. खाली साल बी हाये, छप्पन. तुमचा सासरा फौजेतून वापस कधी आला?

कलाबाई: सेहेचाळीसले. गावाले तोंडपाठ हाये.

हेमराज: मंग छप्पनची संगीन ब्रह्मदेशातून कशी आणली चिंधूबुढ्यानं?

कलाबाई: तुमी साल नोका लिवू.

हेमराज: शाळेतल्या काचेच्या पेटीत या संगीनसंगं लागन हा कागद, माह्या सहीचा. उद्या कोणी शिकलेला मोबाईलमंदी पाहीन अना म्हणन, चिंधू फौजी खोटा. बुढ्यानं कोणाची उचलली का?

कलाबाई: मामाजीले चोर नोका म्हणू. त्याइची संगीन मागच्या बोडीत हाये. गाळात.

हेमराज: बोडीत?

कलाबाई: मीच फेकली. धर्मेंद्र दोन वर्षाचा होता, माह्या कडेवर. त्याचा बाप पिऊन आला, संगीन काढली अना माह्या गळ्याले लावली. तो निजला तसं मी उचलली अना पाण्यात भिरकावली.

हेमराज: खुशालनं? त्याले तं कधी आवाज चढवताना नाई पाह्यलं मी.

कलाबाई: मंग सुटली दारू. पोराले तोच बाप आठवते. रोज फोटोच्या पाया पडून ड्युटीवर जाते. आता खरं सांगू तं त्याचा बाप जाते, नाई सांगू तं आजा. मी कुठं जाऊ?

हेमराज: अना ही कुठून आली?

कलाबाई: मामाजीले डोळ्यानं दिसत नव्हतं, पण रोज सकारी संगीन मांडीवर घेऊन बसत. चार दिस सांगतलं, तेल लावाले देल्ली. मंग सानगडीच्या मंडईच्या जत्रेत नाटक पाहाले गेली, तं राजाच्या पहारेकऱ्याच्या कमरेले ही. नाटकाच्या सामानवाल्याले पायातले तोडे देल्ले. घरी म्हणलं, गर्दीत पडले.

हेमराज: बुढ्यानं ओळखली नाई?

कलाबाई: तेच तं भेव होतं. त्याइच्या संगीनच्या मुठीवर अंगठ्याखाली तीन खाचा होत्या. फौजेत सगळ्याइच्या सारख्याच, म्हणून आपली ओळखाले सोता पाडल्या होत्या. हिले नव्हत्या. मी हातात देल्ली अना दाराशी उभी रायली. त्याइनं अंगठा फिरवला. लय वेळ फिरवला. मंग म्हणले, तेल चांगलं लावलंस बाई.

हेमराज: बस?

कलाबाई: बस. मरेपर्यंत उशाशी ठेवली. अकरा वर्षं मले रोज वाटे, आज पुसतीन, उद्या पुसतीन. घास गोड नाई लागला. ते गेले तशी पेटीत टाकली, परत हात नाई लावला. आज तुमी उघडली.

हेमराज: वैनी, इकडं या.

कलाबाई: नाई.

हेमराज: या तं. अंगठा ठेवा. इथं.

कलाबाई: हे... हे कोणं केलं?

हेमराज: कारखान्यात नाई होत असं. तीन खाचा, तिन्ही वाकड्या. एक तं दुसरीवर चढली. डोळ्यानं पाहून घासणारा असं नाई घासत.

कलाबाई: मामाजीनं एक डाव कानस मागतली होती. मी म्हणली, कायले? तं म्हणले, नखं वाढली.

हेमराज: अना तुमी देल्ली.

कलाबाई: देल्ली. म्हणजे त्याइले पहिल्याच दिवशी समजलं होतं. अना मी अकरा वर्षं...

धर्मेंद्र: काका, आले सगळे. झालं का लिवून? माय, तू काहून रडून राहिली?

कलाबाई: लिवा हेमराजभाऊ. मुठीवर तीन खाचा, चिंधू फौजीच्या सोताच्या हातच्या.

हेमराज: हे खरं हाये. याच्यावर सही करतो मी.

धर्मेंद्र: अना साल कोणतं, काका?

कलाबाई: साल मी सांगीन तुले. पहिले लोकाइले पाणी दे, मंग माह्यासंगं बोडीवर चाल.