हे चालणं धरत नाहीत

...नाही, पण मी म्हणतो, माणसाचं हृदय बदललं म्हणून त्यानं खारे दाणेसुद्धा सोडायचे? तुम्हाला सांगतो, छातीत दुसऱ्याचं हृदय बसवून मला दीड वर्ष झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा बागेत चालतो, सहा हजार पावलं, मान ताठ, कबुतरं वाट देतात! आता खिशात मूठभर दाणे असतात, ही गोष्ट वेगळी. आणि डॉक्टरांनी दिलेलं उन्हाचं मलम? छे, ते बायकी काम! हृदय बदललं हो, माणूस तोच!

माझ्यानंतर आठच दिवसांनी एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचं हेच ऑपरेशन झालं, त्यामुळे तपासणीला आमची गाठ ठरलेली. त्यांची पथ्याची वही काय सांगू! मीठ मोजून, फळं तीनदा धुऊन, गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला, उन्हात छत्री... छत्तीस वर्षं कारकुनी केली मी, पण असे रकाने आमच्या साहेबांच्या बापाला जमले नसते! फक्त 'चालणे' हा रकाना कोरा करकरीत.

"ताई, चालणं?" सिस्टर म्हणाल्या.

"चालते की! स्वयंपाकघर ते सासूबाईंची खाट, दिवसभर!"

"हे चालणं धरत नाहीत."

मी हसलो. हो, हसलो! हृदय बदललं हो, माणूस तोच!

सिस्टर माझ्याकडे वळल्या, "काका, हसू नका, तुमचं मीठ बघा आधी. तुम्हा दोघांचा मिळून एक धड पेशंट होतो!" मग ताईंना हळूच म्हणाल्या, "वजन वाढतंय, रक्तदाब वाढतोय. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा लिहिलंय. मिळालेलं हृदय असं घालवायचं का?"

ताई मान खाली घालून म्हणाल्या, "हृदय देणारा भेटला, सिस्टर. तासभर देणारा कुठून आणू?"

मी खिशातले दाणे चाचपत बसलो... शेजारी बसलेली आमची ही मात्र तयारच! "उद्यापासून पाच ते सहा हे तुमच्या घरी बसतील. तुम्ही माझ्याबरोबर चालायचं."

"अगं, मी?"

"मग कोण? निवृत्त तुम्ही झालात. मी कुठे झालेय?"

झालं! गेलो. इकडे गॅसवर दूध, तिकडे खाटेवरून सासूबाई. "भाऊ, खिडकी लाव!" लावली. "भाऊ, गुदमरतंय, उघड!" उघडली. "भाऊ, पाणी!" पाणी देतोय तोवर दूध उतू! ओटा पुसतोय तोवर, "भाऊ, उशी!" अहो, सहा हजार पावलांत जो दम लागला नाही, तो त्या दोन खोल्यांत लागला! दाणे खिशातच राहिले, खायला हात कुणाचा मोकळा होता? आणि सकाळी चालावं म्हटलं, तर ही म्हणते, "हात बसलाच आहे, तर आपली भाजीही निवडा!"

परवा तपासणी झाली. ताईंचा रकाना काठोकाठ भरलेला, वजन उतरलेलं, रक्तदाब ताळ्यावर. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मग माझी वही उघडली. "काका, तुमचं चालणं कोरं?"

"कोरं कसं? स्वयंपाकघर ते खाट, रोज बेचाळीस फेऱ्या! मोजल्यात मी!"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. ताईंनी तोंडाला पदर लावला. आमची ही खिडकीबाहेर बघायला लागली.

"हे चालणं धरत नाहीत, काका."

आता बोला! हृदय बदललं हो... रकाना तोच!