यादीत नसलेलं काम

अणशीच्या शांताक्काचं नाव आधी घेतो, मग माझं. मी जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगचा, आई-बाबा भाताची शेती करणारे, जंगलात मजुरीला जाणारे, घरात पदवी घेतलेला मीच पहिला, आणि पुढं बेळगावात ऑटिझमच्या मुलांचं वर्तन समजून त्यांना शिकवायचं शिक्षण घेतलं. म्हणजे काय, तर मूल एखादी गोष्ट का करतं ते नीट बघायचं आणि तिच्या जागी त्याच्या उपयोगाची गोष्ट शिकवायची. आता हे गावात कसं सांगणार? एक आजी म्हणाली, व्हय रे, वागणूक सुधारतोस न्हवं, मग आमच्या म्हाताऱ्याला घे आधी.

शांताक्काचा मुलगा संजू बोलत नाही, आणि तेव्हा तहान लागली की डोकं भिंतीवर आपटायचा. मला घरात घ्यायच्या आधी अक्कानं देवळात कौल लावला. देवाला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार, आमच्याकडं असंच असतं. फूल पडेना. मी पायरीवर बसून, काय सांगू तुम्हाला, पदवीच्या निकालालाही एवढा घाबरलो नव्हतो. दुपारी पडलं, उजवंच.

मी काचेच्या ग्लासाचं चित्र नेलं होतं, त्यानं चित्र हातात दिलं की पाणी द्यायचं. संजू बघेचना. अक्का मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. ती हसली, अरे तम्मा, आमच्यात ग्लासातनं कोण पितंय? मग तांब्याच ठेवला समोर. त्याला हात लावला की लगेच पाणी, रोज तेच, परत परत तेच. पावसाळा सरता सरता तो तांब्या घेऊन अक्काकडं जायला लागला, आणि डोकं आपटणं बरंच कमी झालं.

मी रामनगरात एका खोलीत मुलांना शिकवायचो. ती ज्यांच्या मदतीवर चालायची त्यांची मदत थांबणार होती, म्हणजे आईबापांना पुन्हा बेळगावच्या खेपा, आणि अणशीहून असं मूल घेऊन एवढ्या लांब बसनं कोण जाणार? म्हणून आम्ही जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात या कामाची जागा मागितली. बैठकीला अक्काही माझ्याबरोबर आली होती. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही, मास्तर नाही, आमच्या यादीत हे कामच नाही, तुम्हाला बसवू कुठं? मी म्हटलं, साहेब, मान्यता नाही म्हणूनच कोणीही पाटी लावतो, मूल बरं करतो म्हणतो, शिकलेला कोण ते आईबापांनी ओळखायचं कसं?

साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. अक्काला विचारलं, तुमचा मुलगा बरा झाला का? मला वाटलं, आता ही हो म्हणेल तर बरं. अक्का म्हणाली, न्हाई, तो तसाच हाय आन् तसाच ऱ्हाणार. पण पयलं त्याला काय पायजे ते मला कळत न्हवतं, आता कळतंय. ह्यो एक माणूस हाय आमच्याकडं, त्याला बी घालवता?

साहेबांनी मग चहा सांगितला.

अणशीत फोन लागत नाही, म्हणून मी अक्काला पत्र टाकलं:

शांताक्का, नमस्कार. जोयड्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस खोली मिळाली, सध्या वर्षभरासाठी. कागदावर मला मदतनीस लिहिलं आहे. कामाचं खरं नाव मागायला मी परत जाणार आहे, त्यासाठी कापणी सोडून तुम्ही यायला नको. मंगळवारी संजूला घेऊन या. खोलीतला पंखा फार खडखडतो, संजूला सोसायचा नाही, म्हणून तो खोलीत असेपर्यंत बंद ठेवणार. उकडेल, तेवढं चालवून घ्या.