नानांचं अस्वल

हसू नका, पण आमच्या घरी एक अस्वल अहिराणी बोलतं.

पोरीचा मोबाईल सुटावा म्हणून मी जुन्या बाजारातून डीव्हीडी प्लेयर आणि कार्टूनची एक डीव्हीडी आणली. एक अस्वल, एक ससा, मारामारी नाही, सगळं शांत. इतकं शांत, की आवाजच येईना! पोरीनं भोकाड पसरलं, "अस्वल काय म्हणतंय?"

"थांब, मी सांगस," माझे वडील म्हणाले. नानांचा सगळा जन्म लिंबायतला कापडाच्या लूमवर गेला. तिथल्या खडखडाटात माणसं ओठ बघूनच एकमेकांचं बोलणं समजून घेतात. ते चष्मा लावून टीव्हीसमोर बसले. "अस्वल सशाले म्हणस, पहिले भाकर खाई ले, मंग खेयाले जाय."

पोरीनं मुकाट्यानं भाकरी संपवली. मग रोज हेच.

मला राहवेना. नानांना खरंच ओठ कळतात की काय? परवा आवाजाची वायर बदलली, तर अस्वल चक्क इंग्रजीत गाणं म्हणत होतं! नाना खाली बघायला लागले.

पोरीनं रिमोट उचलून आवाज बंद केला. "पप्पा, हे दुसरंच कुणीतरी बोलतंय. नाना, अस्वल काय म्हणालं?"