पटावरून कापलेली बारा नावं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विष्णुपंत दातार, आमचे केंद्रप्रमुख मिलिंद उबाळे सर, ज्यांच्यामुळे हा हॉल मिळाला ते या गृहसंकुलाचे सचिव हेमंत चुरी, माझे सहकारी संतोष घुटे सर, करवंदवाडीचे ग्रामस्थ, इथल्या चारही इमारतींमधले रहिवासी बंधुभगिनी, आणि मागे सतरंजीवर बसलेली माझी तेवीस मुलं. सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

चौतीस वर्षांत मी हातात कागद धरून कधी बोलले नाही. आज भाषण लिहून आणलं आहे. त्याचं कारण आधी सांगते. आज शनिवार, एकतीस मे. परवा सोमवारी अकरा वाजता करवंदवाडीच्या शाळेचं काय करायचं याची सुनावणी आहे. आज संध्याकाळनंतर मी मुख्याध्यापिका नाही, त्यामुळे सोमवारी त्या खोलीत मला बोलायचा अधिकार नाही. तिथे बोलायचं ते इथे बोलते आहे. आणि लिहून अशासाठी आणलं, की मला भीती वाटते आहे. घाबरलेलं माणूस ऐन वेळी महत्त्वाचं तेच विसरतं.

आधीच्या वक्त्यांनी माझं कौतुक केलं. उबाळे सर म्हणाले, बाई म्हणजे शिस्त. चुरी साहेब म्हणाले, मॅडम म्हणजे निडर. दोघांचे आभार. दोन्ही शब्दांची आज थोडी तपासणी करू. ए, पंख्याच्या बटणाला हात लावू नका. एकदा सांगितलं.

मार्च महिन्यात याच हॉलमध्ये एक सभा झाली होती. तुमच्यापैकी बरेच जण होते. विषय होता घरपट्टीच्या बिलातला शिक्षण कर. आपली मुलं त्या शाळेत जात नाहीत, मग आपण कर का द्यायचा? शाळेची जागा बागेला मिळाली तर काय वाईट? तसं पत्र तयार झालं, ते ग्रुपवर फिरलं, त्यावर दोनशे चौदा सह्या झाल्या. मला बोलावलं होतं, मी गेले. एक तरुण गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, पर्सनली घेऊ नका. पण अकरा पोरांना दोन टीचर आणि माझ्या मुलीच्या वर्गात साठ पोरांना एक. टॅक्स आम्ही भरायचा, वर फी पण आम्हीच भरायची. ये कहाँ का हिसाब है?"

प्रश्न चुकीचा होता का? मला तेव्हाही वाटला नाही, आजही वाटत नाही. जो माणूस दोनदा पैसे देतो त्याला राग येणारच. फक्त तो राग कोणावर काढायचा, एवढंच विचारायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत मागून मोतीबाई उठल्या. मोतीबाई वाघ. तुमच्या बी विंगमधल्या सहा घरांत भांडी घासतात, म्हणजे इथे त्यांना ओळखत नाही असं कोणी नाही. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या त्या सदस्य आहेत.

त्या म्हणाल्या, "दादा, आमी पन साबन घेतो. बिस्कुट घेतो. मोबाईलला रिचार्ज मारतो. त्यात टॅक कापतात का नाय?"

ते गृहस्थ म्हणाले, "कापतात मावशी, जीएसटी."

"मंग माझ्या नातीची शाला फुकाट कशी झाली?"

हॉलमध्ये हशा पिकला. चुरी साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही नगरसेवक व्हा." मोतीबाई म्हणाल्या, "होईन की. मंग तुमची भांडी कोन घासल?" पुन्हा हशा. त्या हशात सभा संपली, सगळे चहा प्यायला गेले, आणि पत्र दुसऱ्या दिवशी होतं तसंच पुढे गेलं.

मी स्वतः उल्हासनगरला कॅम्प चारच्या सरकारी शाळेत शिकले. माझे वडील शंकरराव अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. आमच्या शाळेला जे काही मिळायचं त्यात बाजारातल्या जकातीचा वाटा होता, असं आमच्या गल्लीत सगळे मानत. कोपऱ्यावरच्या सिंधी कापडवाल्या शेठची मुलं आमच्या शाळेत नव्हती. पण निकालाच्या दिवशी ते दुकानातून ओरडायचे, "ए रंजना, मेरी जकात पे पढ़ती है तू! फेल हुई तो मेरा नुकसान!" मी पास झाले की एक मीटर रिबन कापून द्यायचे आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, अपनी लड़की है. त्यांची मुलगी नव्हते मी. पण माझ्या शिक्षणात आपला वाटा आहे याचा त्या माणसाला अभिमान होता. तो अभिमान गेला कुठे? हे मी रागाने विचारत नाही. मला खरंच माहीत नाही.

आता शिस्त.

आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मे महिन्यात परततात. मुलंही बरोबर जातात. अशा मुलांना आम्ही एक पत्रक देतो. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. जानेवारीत पडताळणीचं पथक येणार असं कळलं, तेव्हा वर्गात अकरा मुलं होती आणि बारा भट्टीवर होती. संतोष सर म्हणाले, "बाई, नावं राहू द्या. पटावर तेवीसच दाखवू." मी म्हणाले, "मूल समोर नाही आणि नाव पटावर? माझ्या हजेरीपटात हे चालणार नाही." संतोष सर म्हणाले, "बाई, एकदा नियम बघू या का?" मी म्हणाले, "नियम मला शिकवू नका." मी लाल शाईचं पेन घेतलं, पट्टी घेतली, आणि बारा नावं कापली. अगदी सरळ रेषेत. पथकातल्या साहेबांनी अक्षराची तारीफ केली.

नियम मी मार्चच्या शेवटी वाचला, त्या सभेनंतर. तो असा, की हंगामापुरतं गेलेल्या मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावरून काढायचं नाही. ते तिथेच राहतं. पत्रक त्यासाठीच असतं. संतोष सर खोटं लिहा म्हणत नव्हते, बरोबर लिहा म्हणत होते. मी ऐकलं नाही.

पट वीसच्या खाली गेला आणि शाळा कमी पटाच्या, बंद करायच्या शाळांच्या यादीत आली. तुमचं पत्र नंतर आलं आणि त्याच फाईलला जोडलं गेलं. तेव्हा चुरी साहेब, तुम्ही मघाशी माझ्याकडे बघायचं टाळत होतात, ते टाळू नका. शाळा तुमच्या पत्राने यादीत आली नाही. माझ्या पट्टीने आली.

मी दुरुस्तीचा अर्ज केला. उबाळे सरांनी तो त्याच दिवशी वर पाठवला, त्याबद्दल त्यांचे आभार. उत्तर आलं नाही. नोटीस आली. नोटिशीत 'बंद' असा शब्द कुठेच नाही. 'समायोजन' असा शब्द आहे. म्हणजे आमची मुलं कर्जत रस्त्याच्या पलीकडच्या शाळेत जातील. तीन किलोमीटर. रस्त्यावर दिवसभर खडीचे ट्रक असतात, तुमच्या नव्याने उठणाऱ्या पाचव्या आणि सहाव्या इमारतीची खडी. भिकी म्हणजे मोतीबाईंची नात, आमची तिसरीतली. तिची उंची त्या ट्रकच्या चाकाएवढीही नाही. मी परवा तिला घेऊन तो रस्ता ओलांडून पाहिला. मला स्वतःला अकरा मिनिटं लागली. तिने माझा पदर मुठीत धरला होता. पलीकडे पोहोचल्यावर म्हणाली, "बाई, तुमचा हात कापतो." मी म्हणाले, थंडी वाजते. मे महिन्यात.

भिकीचे वडील नवसू मला सरळ म्हणाले, "बाई, रस्त्यापल्याड मी काय पोरीला धाडनार नाय. भट्टीवरच नेईन, डोल्यासमोर तरी राहील." त्यांना काय उत्तर देऊ? बापच आहे तो.

शेजारच्या एका वाडीतली शाळा सहा वर्षांपूर्वी अशीच समायोजित झाली. गाडी देऊ म्हणाले होते. ती एक पावसाळा आली. त्या शाळेत गंगू नावाची मुलगी होती. मी तिथे चार महिने बदलीवर होते. सतरापर्यंतचे पाढे एका दमात म्हणायची. गेल्या वर्षी भट्टीवर पत्रकं द्यायला गेले, तर ती डोक्यावर विटा घेऊन समोर. पंधरा वर्षांची, गळ्यात काळे मणी. मला बघून हसली. म्हणाली, "बाई, वलखलात का?" मी म्हणाले, "सतरा सक?" ती म्हणाली, "आता विटा मोजते बाई. त्या पन बराबर मोजते." आणि निघून गेली, कारण मुकादम बघत होता.

मला भीती वाटते ती या दृश्याची. तेवीसपैकी किती गंगू होतील हे मला सांगता येत नाही, आणि मी गणित शिकवते.

आता निडर. काल एका हितचिंतकाने मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, चूक झाली हे कुठे बोलू नका. पेन्शनची फाईल अजून मंजूर व्हायची आहे. चौकशी लावली तर वर्षानुवर्षं अडकेल. आता हार घ्या, शाल घ्या, घरी जा." मी रात्रभर विचार केला. मी एकटी राहते, मला तीच पेन्शन आहे. तेव्हा मी निडर नाही. जरा पाणी द्या.

धन्यवाद.

रहिवाशांना माझी एक विनंती आहे. कराबद्दल जरूर भांडा. बिल कसं आकारतात विचारा, तुमच्या मुलांच्या वर्गात साठ मुलं का हे विचारा, मीही तुमच्याबरोबर येईन, आता मला वेळ आहे. पण सोमवारी तुमचं पत्र 'स्थानिकांची मागणी' म्हणून वाचलं जाईल. दोनशे चौदापैकी ज्यांना आज वेगळं वाटत असेल त्यांनी अकरा वाजता तिथे यावं आणि तेवढंच सांगावं. कोणी आलं नाही तर तिथे मोतीबाई एकट्या असतील, आणि त्या खोलीत त्यांच्या बोलण्यावर कोणी हसणार नाही.

आपण सगळे आलात, शाल दिलीत, मुलांना खाऊ दिलात, हॉलचं भाडं घेतलं नाहीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. संतोष सर, तुमची जाहीर माफी मागते. इतक्या वर्षांत कोणाला तोडून बोलले असेन, कोणाचं मूल माझ्यामुळे रडलं असेल, आज निरोपाच्या कार्यक्रमात नको ते बोलून तुमच्या संध्याकाळचा रंग घालवला असेन, तर ते सगळं पोटात घाला.

कार्यभाराची यादी समारंभात वाचायची पद्धत नाही. मी वाचते आहे, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं असं होईल.

दिनांक एकतीस मे, दुपारी तीन वाजता, करवंदवाडी शाळेत. कपाटाच्या चाव्या, तीन. जनरल रजिस्टर, चार खंड. दाखल्यांचं पुस्तक, एक. हजेरीपट, चालू वर्षाचा. नकाशे, पाच, पैकी एक फाटका. देणार, रंजना भालेराव. घेणार, संतोष घुटे. सही आहे.

स्वतंत्र नोंद. माझ्या अक्षरातलं, माझ्या सहीचं निवेदन, पाने दोन: बारा मुलं शाळा सोडून गेलेली नव्हती, त्यांची नावं मी चुकीने कापली, जबाबदारी माझी. मूळ प्रत सोमवारच्या सुनावणीसाठी मोतीबाई वाघ यांच्या हाती दिली. घेणाराची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. मजकूर घेणारास वाचून दाखवला व समजला. वाचून दाखवणार, भिकी नवसू वाघ, इयत्ता तिसरी.