आठ ठोक्यांची जागा

—नाही नाही, उठू नका, मान हलवू नका, मी बसतो की या स्टुलावर, मला काय, स्टुलावरच जन्म गेला माझा. सफरचंदं आणली होती. आता इथे येऊन बघतो तर तुमचे दात तारेने बांधलेले! बघा माझी अक्कल—जबडा मोडलेल्या माणसाला कोणी सफरचंदं आणतं? बायको म्हणाली, दवाखान्यात जाताय तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आता तिला कुठे सांगितलं होतं काय मोडलंय ते. राहू देत, सिस्टर खातील. हा हात? खिशातच बरा आहे तो. थंडी वाजते. हो, एकाच हाताला. वय झालं की एकेक अवयव वेगळा संसार थाटतो. जरा ओठ वर करा बघू—वा! तार कोणी बांधली हो? स्वच्छ काम. मी वाइंडिंगवाला आहे ना, जळक्या मोटारी, पंप, पंखे, त्यांच्यातली जळकी तार उपसायची आणि नवी भरायची, सत्तावीस वर्षं हेच करतोय. तार बघितली की माणूस कळतो. फक्त शेवटची गाठ आत वळवायला हवी होती, गालाला टोचत असेल. टोचते ना? मला वाटलंच.

मी कोण? तेच सांगतोय. श्रोता. शनिवारी त्या कापडाच्या गोदामात आपण शेजारी शेजारी उभे होतो, पण दिवे बंद होते, तुम्ही मला पाहिलं नसणार—पाहिलंत? असे डोळे बारीक करू नका हो, ज्याने तुम्हाला मारलं तो एक जाड्या होता, पाठमोरा, मी तर मधे पडलो. सगळ्यांच्या वतीने आलोय असं समजा. सगळे म्हणजे चाळीस. एवढेच आहोत आम्ही. त्या बँडच्या मागे कंपनीबिंपनी नाही, चौघेच गाणी रचतात, टेप करतात, कॅसेटच्या डब्या भरतात, आणि आम्ही चाळीस जण ऐकतो. कधी एकेचाळीस झाले तर त्या एकेचाळिसाव्याकडे आम्ही संशयाने बघतो, की हा इथे चुकून आला की पोलिसांनी पाठवला. एकोणीस वर्षांपूर्वी कॅसेट निघाली त्यांची, शंभर नग, मी दोन घेतल्या—एक ऐकायला, दुसरी पहिली झिजल्यावर ऐकायला. रोज सकाळी शटर वर आणि कॅसेट आत. पहिल्या गाण्यात दोनशे दहा वेढे बसतात तारेचे, दुसऱ्यात एकशे साठ, कारण ते सुस्त आहे. माझ्याकडे भरलेली मोटर उघडली तर कळेल कुठली कॉइल कुठल्या गाण्यावर भरलीय. एकदा एका गिऱ्हाइकाचा पंप सुरू केला तर तो चक्क गुणगुणायला लागला. हसू नका, तार तुटेल.

आणि शेवटचं गाणं. ते तुम्हाला मी काय सांगायचं—पण सांगतो, मला सांगायला आवडतं. मधेच सगळं थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही, गाणाऱ्या लंब्याचा आवाज नाही. आठ ठोके. नुसते मनात मोजायचे. आणि नवव्याला चौघेही एकदम अंगावर कोसळतात. जगातली बाकीची गाणी आवाजाची, हे एकच गाणं त्या जागेचं. त्या आठात माझा तारेवरचा हात थांबतो. आमच्यातला पोस्टमन म्हणतो, ती जागा त्याच्या गेलेल्या पोरीची आहे. मी म्हणतो, माझ्या वडिलांची. मी हात धरून बसलो होतो त्यांचा, शेवटचा श्वास गेला आणि पुढचा यायची वाट बघत मी मोजत होतो, बरोबर आठ झाले तेव्हा आईने हंबरडा फोडला. खोटं नाही सांगत. म्हणजे, सहा असतील. आठ धरले.

आता एवढी मोलाची जागा म्हटल्यावर राखण नको? गोदामात ते गाणं आलं की लंब्या स्वतः दिवे बंद करतो, आणि त्या आठात कोणी थुंकी गिळायची नाही, हा आमचा कायदा. कोणी लिहिला नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ. एकाने बिस्किटाचा पुडा उघडला होता. तिसऱ्या ठोक्याला. गाणं संपेपर्यंत कोणी काही केलं नाही, आम्ही सभ्य माणसं, मग पाच जणांनी उचलून त्याला मागच्या नाल्यात उभा केला, डोकं खाली पाय वर, आणि पुडा त्याच्या हातातच राहू दिला. एकाचा फोन वाजला—त्याला तो खायला लावला. अख्खा नाही, अर्धा. काच कडक लागते म्हणे. एक खोकला तर ड्रमवाला पत्र्या स्टेजवरून काठी घेऊन खाली आला, नववा ठोका चुकू नये म्हणून तेवढ्यात याच्या भुवईवर एक हाणून परत जाऊन बसला, आणि नववा अगदी वेळेवर वाजवला. आजही त्या माणसाची भुवई दोन भागांत आहे. तो अजून येतो. खोकत नाही. घरीसुद्धा तेच. मेव्हणा दुकानात बसला होता, गाणं चालू, आणि बरोबर पाचव्याला शिंकला. मी बघितलंही नाही काय हातात आहे. अडीच किलोचा आर्मेचर होता, मोटारीच्या पोटात फिरतो तो लोखंडी गाभा. खांद्याचं हाड असं वाजलं जसं ओलं लाकूड. बायको चार महिने बोलली नाही माझ्याशी. मेव्हणा म्हणाला, भावोजी, शिंक काय ठरवून येते? मी म्हटलं, माझा राग तरी कुठे ठरवून येतो?

मग शनिवार. तुम्ही एकेचाळिसावे. मी आत येतानाच हेरलं होतं, करडी दाढी, हातात पिशवी, एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, आणि प्रत्येक गाण्याला पुटपुटताय. मी मनात म्हटलं, पुटपुट बाबा, फक्त शेवटच्याला गप्प बस. माझ्याच बाजूला येऊन उभे राहिलात तुम्ही! दिवे गेले, गाणं सुरू झालं, सगळं थांबलं—एक, दोन—आणि तिसऱ्याला माझ्या उजव्या कानाशी गायला लागलात. पुटपुटणं नाही हो, चांगलं छातीतून, तोंड उघडून, जणू ती जागा तुमच्या तीर्थरूपांची! तेव्हा तो जाड्या—तो पाठमोरा—त्याने चौथ्यावर पहिली दिली. बरोबर खालच्या ओठाखाली. पहिल्या फटक्याला काही वाटत नाही, बघा, आतलं हाड जरा मागे सरकतं एवढंच, दुसऱ्याला ते दाद देतं, आणि दात असा मधल्या बोटाच्या गाठीत रुततो की मूठ परत ओढताना माणूसही थोडा सोबत येतो—

जाड्याने सांगितलं मला. नंतर. बोलता बोलता.

नका हो बघू असं खिशाकडे. मूठ झाकली तर सव्वा लाखाची. बरं. बरं, घ्या, हा बघा. तीन दिवस झाले, सूज उतरत नाही, तार धरता येत नाही. हा इथला खड्डा तुमच्या दाताचा. तुमची वस्तू आहे, तुम्हाला ओळखू येत असेल. मीच. जाड्या कोणी नव्हता, आमच्या चाळिसांत जाडं कोणी नाहीच, ऐकून ऐकून वाळलेत सगळे. चौथ्याला एक, पाचव्याला एक, सहाव्याला तुम्ही तोंडावर हात घेतलात म्हणून कानाखाली एक, सातव्याला पडलात. आणि नवव्याला बँड कोसळला आणि त्याबरोबर मी. पुढची दोन मिनिटं मी तुम्हाला लाथा मारत होतो—तालावर. एवढं मात्र सांगतो, एक लाथ तालाबाहेर नाही गेली. बरगडीवर पडते ती ड्रमसारखीच लागते, फक्त जरा पोकळ. मला काय वाटत होतं सांगू? देवळात चप्पल घालून शिरलेल्याला हाकलतोय असं वाटत होतं. इतकं पवित्र मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

दिवे लागले. लंब्याने खाली बघितलं आणि गिटारसकट उडी मारली. बावन्न वर्षांचा माणूस, तुमचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता लहान मुलासारखा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं तेव्हा, म्हणून सांगतो. म्हणाला, हा आमच्यातला पाचवा. हे गाणं याचं आहे. त्या आठ ठोक्यांत याचा आवाज होता, भांडण झालं, कॅसेट निघायच्या आदल्या दिवशी रागाच्या भरात मी तेवढा पुसला. परत काही भरायचं धाडस नाही झालं, तसंच सोडलं. एकोणीस वर्षं! म्हणजे तो नाल्यातला, तो फोन खाल्लेला, माझा मेव्हणा—आम्ही एवढ्या लोकांची हाडं मोडली ती कशासाठी, तर एका पुसलेल्या जागेसाठी. आणि त्या जागेत ज्याचं खरं बिऱ्हाड, तो आला तर त्याचाच जबडा! लंब्या उठला आणि म्हणाला, ज्याने हे केलं त्याला या दारातून पुन्हा आत घेणार नाही, तो स्वतः कबुली देईपर्यंत आम्ही वाजवणार नाही. एकोणचाळीस जणांनी माना खाली घातल्या. मी काय केलं? मी मोबाइलचा उजेड धरला तुमच्या तोंडावर, दात शोधायला. दोन सापडले. सगळे म्हणाले, बघा, याचं मन किती मोठं.

आता खरं काय ते बोलतो, कारण चारला हवालदार येणार असं सिस्टर म्हणाल्या, आणि आता चारला वीस मिनिटं आहेत. माफीबिफी मागायला नाही आलो मी. मागेन, तीही मागेन. पण दादा, तिथे काय होतं? त्या आठात? मी सूर ऐकला, शब्द नाही ऐकले, पहिला शब्द पुरा व्हायच्या आत माझा हात गेला होता. रविवारी दुकान उघडलं, कॅसेट लावली, ती जागा आली—आणि मला मोजताच येईना. एक, दोन, आणि तुमचं हाड वाजतं. एक, दोन, आणि हाड. वडील येत नाहीत तिथे आता, कोणी येत नाही. हात थांबायच्या ऐवजी पळतो, तीन मोटारी वाया गेल्या. लंब्याला विचारलं, काय ओळ होती रे? तो म्हणाला, पुसली तेव्हाच विसरायचं ठरवलं होतं, आणि विसरलो. पत्र्या म्हणाला, तेव्हा मला स्वतःच्या ड्रमपुढे काही ऐकूच यायचं नाही. म्हणजे ती ओळ या अख्ख्या जगात फक्त तुमच्या तोंडात आहे, आणि ते तोंड मी सहा आठवडे बंद करून ठेवलंय. स्वतःच्या हाताने! पण पाटी आहे की तुमच्याकडे. सिस्टरनी दिलीय ती. लिहा ना. एकच ओळ. मी उरलेलं आयुष्य—काय लिहिताय? द्या इकडे. ‘हवालदाराला तू सांग.’

सांगतो. हो, मी सांगतो! तुम्हाला वाटतं घाबरतो? आत टाकतील, टाकू देत, आत स्टूल असेलच. लंब्याच्या कानावर जाईल, दार बंद होईल—बरं, ते जरा—पण जाऊ द्या, ओळ असली तर दार कशाला हवं, मी दुकानातच गाईन त्या जागेत. ठरलं. तुम्ही लिहा, मी सांगतो. लिहा, लिहा. हळू लिहा, खडू मोडेल. एवढी लांब आहे? आठ ठोक्यांत एवढी बसते? थांबा, चष्मा घालतो—अहो, छातीशी काय धरलीत? आधी सांगू? आधी मी सांगायचं, मग दाखवणार? मोठे पक्के आहात. बरोबर आहे, माझ्यासारख्यावर मीही नसता ठेवला विश्वास. ठीक, येऊ दे त्याला, मी दारातच सांगतो, मान ताठ ठेवून. एका वाक्यात. मीच मारलं. झालं. बघा, किती सोपं आहे. मीच मारलं. मीच—

या, या साहेब! बसा, हे स्टूल घ्या, मी उभाच बरा. हो, हेच ते, त्यांना बोलता येत नाही, सगळं बांधलंय. मी? मी यांचा—मावसभाऊ. लांबचा. कसं झालं म्हणून काय विचारता साहेब, नशीब! त्या गोदामाचा जिना बघितलाय तुम्ही? उभा, अरुंद, आणि त्या दिवशी नेमकं कोणीतरी पंपाचं तेल सांडलेलं. हे वरून येत होते, हातात पिशवी, मी खालून ओरडतोय, दादा जपून, दादा जपून, आणि मागून तो मोठा ड्रम सुटला गडगडत, एकेक पायरी वाजवत, एक, दोन, तीन—हा हात? हा त्या ड्रमला अडवताना झाला, काय सांगू, पन्नास किलोचा ऐवज, तरी एका हाताने अडवला म्हणून नुसत्या जबड्यावर निभावलं, नाहीतर आज तुम्ही पंचनामा—अहो. दादा. काय करताय? थांबा. नाही, चादरीने नका पुसू! साहेब, एक मिनिट, जिना नाहीच तिथे, गोदाम तळमजल्यावर आहे, ड्रम कुठेच गडगडला नाही, मीच मारलं यांना, मी, या हाताने, हा दात बघा, तीन फटके आणि मग लाथा, लिहून घ्या तुम्ही, मावसभाऊही नाही मी—दादा, सांगितलं की! आता सांगितलं ना! अर्धी तरी ठेवा, शेवटचा शब्द तरी—त्या कडेला अजून थोडं दिसतंय, तेवढं राहू दे हो, त्यावर बोट नका—

गेलं.

इकडे बघा तरी एकदा. भिंतीकडे काय बघताय.

हो साहेब. चला.